मॅमोग्रामच्या पत्रात 'डेन्स' आलंय, मैत्रिणीच्याही. तिला रिस्क जास्त का?

कोथिंबीरवडी:
अटलांटात राहते, वय ४३. मागच्या महिन्यात मॅमोग्राम (स्तनांचा एक्स-रे) केला, रिपोर्ट नॉर्मल पण घरी पत्र आलं की ब्रेस्ट टिश्यू डेन्स आहे (म्हणजे चरबी कमी, ग्रंथींचा भाग जास्त), त्यामुळे कॅन्सर दिसायला अवघड जाऊ शकतं, डॉक्टरांशी बोला. डॉक्टर म्हणाल्या निम्म्या बायकांचं असतं असं, पुढच्या वर्षी या. ठीके म्हटलं. पण ऑफिसमधली माझी मैत्रीण ब्लॅक आहे, आमचा डबा रोज एकत्र असतो, तिला पण शब्दन् शब्द हेच पत्र आलंय आणि ती जाम हादरलीय, कारण तिची आई पन्नाशीच्या आत ह्याच आजाराने गेली आणि त्या आईचा वर्षभर आधीचा मॅमोग्राम क्लिअर होता. ती म्हणते आमच्यात बायका ह्याने जास्त मरतात. मला विचारायचंय की हे डेन्सिटीमुळे होतं का? आणि तिने आता नक्की काय मागायचं? गूगल करून डोकं फिरलंय.

टेक_ताई:
न्यू जर्सीत मॅमो टेक आहे, म्हणजे मॅमोग्राम काढणारी, दिवसभर हेच करते. पत्र सारखंच असणार, १० सप्टेंबर २०२४ पासून एफडीएने (औषधं आणि मशीनवर देखरेख करणारी अमेरिकेची सरकारी संस्था) देशभर सक्तीचं केलंय की डेन्स आहे की नाही ते प्रत्येकीला लेखी कळवायचं, मजकूर ठरलेला. सुरुवात कनेक्टिकटने २००९ मध्ये केली. तिथल्या नॅन्सी कॅपेलो ह्यांनी ते लावून धरलं, त्यांचा मॅमोग्राम नॉर्मल आला आणि काही आठवड्यांत डॉक्टरांच्या हाताला लागलं, निघाला थेट स्टेज ३.

फोटोत चरबी काळी दिसते, ग्रंथींचा भाग पांढरा आणि गाठ पण पांढरीच, म्हणजे दुधात तांदळाचा दाणा शोधायचा. शिवाय डेन्स असणं हीच थोडी वेगळी रिस्क आहे, नुसतं दिसत नाही एवढंच नाही. हाताने चाचपून डेन्सिटी कळत नाही हं, घट्ट लागतं म्हणजे डेन्स असं काही नाही. रिपोर्टमध्ये ए, बी, सी, डी असं अक्षर असतं, सी आणि डी म्हणजे डेन्स. पत्रात ते अक्षर नसतं म्हणून पूर्ण रिपोर्ट मागून घ्या, सी आणि डी मध्ये बराच फरक आहे. आणि एकीला बी वाटलेलं दुसऱ्या रेडिऑलॉजिस्टला सी वाटू शकतं, रोज बघते.

नाक्यावरचा:
डेन्सिटी तर आशियाई बायकांत जास्त असते असं वाचलंय, मग अमेरिकेत आपल्याच बायका जास्त दगावायला हव्या होत्या ना, तसं तर नाहीये. जेनेटिक असणार सरळ. उगाच प्रत्येक गोष्टीत वर्णद्वेष आणायचा आणि मग भांडायचं.

शिकागोकर_अनु:
@नाक्यावरचा अहो पहिला मुद्दा बरोबर पकडलात, दुसऱ्यात घसरलात. मी पब्लिक हेल्थमध्ये आहे. ब्लॅक बायकांना हा कॅन्सर गोऱ्या बायकांपेक्षा किंचित कमीच होतो पण मृत्यूचं प्रमाण साधारण ४०% जास्त आहे. चाळिशीच्या आत मात्र होण्याचं प्रमाणही त्यांच्यातच जास्त. ट्रिपल निगेटिव्ह म्हणजे ज्याला हार्मोनच्या गोळ्या लागू पडत नाहीत तो प्रकार त्यांच्यात जवळपास दुप्पट, तो भराभर वाढतो आणि दोन मॅमोग्रामच्या मधेच उगवतो, मैत्रिणीच्या आईचं तसं असू शकेल. एवढी बायॉलॉजी मान्य. पण १९८०च्या आसपास दोघींच्या मृत्यूदरात फारसा फरकच नव्हता!! मॅमोग्राम, टॅमॉक्सिफेन (ह्याच हार्मोनच्या गोळ्यांपैकी एक) वगैरे आलं, गोऱ्या बायकांचे मृत्यू भराभर कमी झाले, ह्यांचे तितके झाले नाहीत, तिथून दरी पडली. जीन्स काय दहा वर्षांत बदलले? आमच्या शिकागोत २००८ मध्ये ह्यासाठी टास्क फोर्सच काढावा लागला, कारण साउथ साइड वेस्ट साइडच्या ब्लॅक वस्त्यांतल्या बायकांना जुनी मशीन, स्तनाचे फोटो वाचण्यात मुरलेला रेडिऑलॉजिस्ट नाही, काहीतरी दिसलं तरी पुढची अपॉइंटमेंट लांब, बायॉप्सी त्याहून लांब. गाठ सापडणं ही सुरुवात असते हो, खरी गळती तिथून पुढे आहे.

डेन्सिटीचं अजून एक. नुसत्या टक्केवारीत (स्तनाचा किती टक्के भाग ग्रंथींचा) बघितलं तर ब्लॅक बायकांची कमी वाटते, कारण वजन जास्त असलं की चरबीचा वाटा वाढतो आणि टक्का खाली येतो, पण वय आणि वजन धरून हिशोब केला की बरोबरीची किंवा जास्तच निघते. म्हणजे 'डेन्स नाही' असं पत्र आलेल्या बाईने पण निर्धास्त राहू नये.

ठाण्याची_सई:
मधेच घुसते. आपल्याकडे कुठलं पत्र नि कुठलं काय, आईच्या रिपोर्टवर सी लिहिलं होतं, कोणी एका शब्दाने सांगितलं नाही. पण टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये वीस वर्षं अभ्यास केला, दीड लाखावर बायका, दर दोन वर्षांनी शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी नुसती हाताने तपासणी करायची, २०२१ला निष्कर्ष आले, पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळपास ३०% कमी. डेन्स असो नसो, हात तर लावून बघता येतो. चालू द्या.

कोथिंबीरवडी:
अनु, टेक ताई, खूप थँक्स. तिला हे सगळं वाचून दाखवते. अल्ट्रासाउंड मागावा का तिने? मी इन्शुरन्सला फोन केला तर स्क्रीनिंग फ्री म्हणे पण अल्ट्रासाउंडला डिडक्टिबल लागेल, म्हणजे आधी खिशातून भरायचं.

टेक_ताई:
तसं असू शकतं, स्क्रीनिंगच्या पुढे गेलं की काही प्लॅनमध्ये बिल लागतं. म्हणून तिने उलट्या बाजूने जावं. आधी डॉक्टरकडून रिस्क असेसमेंट, आईला कोणत्या वयात झालं ते सांगून. रिस्क मोजायचं जुनं गेल मॉडेल ब्लॅक बायकांची रिस्क कमी दाखवतं, ब्लॅक विमेन्स हेल्थ स्टडीवरून बॉस्टन युनिव्हर्सिटीने २०२१ मध्ये वेगळं कॅल्क्युलेटर काढलंय, ते वापरा असं स्पष्ट म्हणायचं. आयुष्यभराची रिस्क २०%च्या वर गेली तर एमआरआयची शिफारस आहे आणि मग इन्शुरन्सशी भांडायला कागद हातात असतो. जेनेटिक काउन्सेलिंगची चिठ्ठी पण मागून घ्यायची, ब्लॅक बायकांना ती आपणहून कमी दिली जाते. ३डी मॅमो मिळत असेल तर तोच. आणि सेंटर बदललं तर जुने फोटो सीडीवर सोबत, नाहीतर तुलना कशाशी करणार आम्ही.