मदत हवी आहे: ओकलंडच्या टेकडीवरील घराचा डेक, आग आणि भूकंप या दोन्हींच्या नियमांत बसवून परमिट कसे घ्यावे?

नमस्कार मंडळी,

कॅलिफोर्नियातील ओकलंड शहराच्या टेकड्यांवर आमचे १९५०च्या दशकातील लाकडी सांगाड्याचे घर आहे. घराच्या मागे उताराच्या बाजूला साधारण १४ बाय १८ फुटांचा रेडवुड लाकडाचा जुना डेक, म्हणजे खांबांवरचा उघडा लाकडी ओटा, आहे. दिवाणखान्याच्या दारापाशी तो घराला टेकतो आणि बाहेरच्या कडेला त्याची जमिनीपासूनची उंची ११ फूट भरते. खांबांचे पाय कुजू लागले असून घराला जोडणारी लेजरची फळी नुसत्या खिळ्यांवर धरलेली आहे. हा डेक काढून नवा बांधायचा आहे. दर उन्हाळ्यात साताऱ्याहून आई-बाबा येतात आणि त्यांचा बहुतेक दिवस याच जागेत जातो, त्यामुळे या कामात कोणतीही पळवाट मला नको आहे.

परमिटशिवाय काम उरकून देण्याची तयारी एका कंत्राटदाराने दाखवली होती, तिला मी नकार दिला. जमिनीपासून ३० इंचांपेक्षा उंच नसलेल्या, २०० चौरस फुटांच्या आतल्या आणि घराला न जोडलेल्या डेकला मिळणारी सूट आमच्या डेकला लागूच होत नाही. शिवाय हा परिसर कोणता आहे, हे येथे राहणारा कोणीही विसरू शकत नाही. ऑक्टोबर १९९१मध्ये याच टेकड्यांवर लागलेल्या वणव्यात २५ माणसे गेली आणि सुमारे ३,००० घरे जळाली. टेकड्यांच्या पायथ्याशी हेवर्ड प्रस्तरभंग आहे. त्याच्यावरचा शेवटचा मोठा भूकंप १८६८ साली झाला. जानेवारी २०२५मध्ये लॉस एंजेलिस परिसरातली पॅलिसेड्स आणि अल्टाडेना येथील घरे जळताना पाहिल्यापासून वाऱ्यावर उडत येणाऱ्या निखाऱ्यांचा विचार माझ्या मनातून जात नाही.

राज्य भूगर्भ सर्वेक्षणाचे नकाशे मी पाहिले आहेत. आमची जागा १९७२च्या अल्क्विस्ट-प्रिओलो कायद्याखालील प्रस्तरभंग क्षेत्रात येत नाही; मात्र भूकंपामुळे दरड कोसळण्याचा संभव असलेल्या क्षेत्रात ती येते. आगीच्या नकाशात ती सर्वाधिक धोक्याच्या वर्गात आहे. त्यामुळे इमारत संहितेतील पूर्वीच्या प्रकरण ७-एचे नियम आम्हाला लागू होतात. १ जानेवारी २०२६पासून हे नियम वणवाप्रवण वस्तीसाठीच्या स्वतंत्र संहितेत गेले आहेत.

माझी खरी अडचण अशी आहे. डेक घराला जोडला, तर भूकंपात तो घरापासून ओढला जाऊ नये म्हणून लेजर बोल्टने पक्की करावी लागते आणि शिवाय डेकचे जॉइस्ट (फळ्यांखालच्या आडव्या लाकडी कड्या) घराच्या आतल्या तळमजल्याच्या सांगाड्याशी होल्ड-डाउन नावाच्या लोखंडी पकडींनी बांधावे लागतात. याउलट डेक घरापासून सुटा, स्वतःच्या खांबांवर उभा केला, तर घराच्या भिंतीला भोके पडत नाहीत आणि पावसाचे पाणी आत शिरण्याची भीतीही राहत नाही. परंतु ११ फूट उंचीच्या खांबांना, तेही उतारावर, आडवे धक्के स्वतःच्याच बळावर पेलावे लागतात. आगीच्या दृष्टीने यांपैकी कोणती रचना बरी, याबद्दल मला दोन अनुभवी माणसांकडून दोन परस्परविरुद्ध मते मिळाली आहेत.

दुसरा प्रश्न डेकच्या खालच्या बाजूचा आहे. तपासणी कार्यालयाने मागणी केली तर खालचा भाग जमिनीपर्यंत बंद करावा लागतो किंवा उघडा तळ आग-प्रतिरोधक साहित्याने झाकावा लागतो, असे मी वाचले. मात्र जाड लाकडी तुळया आणि खांब यांना त्यातून सवलत आहे. खालची बाजू बंद केली, तर आत वाळका पाला साचणार नाही, पण ओलावा कोंडेल आणि सांधे डोळ्यांना दिसणारच नाहीत. आमचा डेक कुजला आहे तो ओलाव्यानेच, म्हणून मला खालची बाजू उघडी ठेवून जाड लाकूड वापरणे अधिक योग्य वाटते. आराखडा असा सादर केल्यास तो परत येण्याची शक्यता कितपत असते?

डेकच्या कडेला एक जुना ओकही आहे. ओकलंडच्या वृक्षसंरक्षण नियमांत कोस्ट लाइव्ह ओकला ४ इंच व्यासापासूनच संरक्षण आहे, म्हणून त्याच्या मुळांजवळ खड्डा खणण्यापूर्वी वेगळी परवानगी घ्यावी लागेल असे दिसते. ज्यांनी या टेकड्यांवर किंवा बर्कलीच्या बाजूला असे काम केले आहे, त्यांनी कृपया आराखडे सादर करण्यापूर्वी काय ठरवून घ्यावे, हे सांगावे.

प्रतिसाद

नमस्कार ताई. मी सॅन फ्रान्सिस्को बे एरियात घरांच्या सांगाड्यांची गणिते करणारा इंजिनिअर आहे. तुमचा डेक प्रत्यक्ष पाहिलेला नसल्यामुळे हा सल्ला तुमच्या स्वतःच्या इंजिनिअरच्या निर्णयाची जागा घेऊ शकत नाही, हे आधी स्पष्ट करतो.

डेक सुटा ठेवल्याने आगीचे नियम टळत नाहीत. चालण्याच्या पृष्ठभागाचा कोणताही भाग घरापासून १० फुटांच्या आत असेल, तर डेक जोडलेला असो वा सुटा, फळ्या नियमांत बसणाऱ्या साहित्याच्याच हव्यात. दुकानात अनेक संमिश्र फळ्यांवर ‘क्लास ए’ असे छापलेले असते. ते ज्वाला पसरण्याच्या चाचणीचे मानांकन आहे. डेकच्या फळीसाठीची ७-ए चाचणी निराळी असते, म्हणून राज्य अग्निशमन प्रमुखांच्या मान्यताप्राप्त साहित्याच्या यादीतील नोंद आराखड्याबरोबर जोडावी. आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते: ही चाचणी चालण्याच्या फळीची असते, खालच्या साध्या जॉइस्टची नव्हे. फळ्यांच्या फटीत अडकलेला पाला जॉइस्टच्या माथ्यावर पेटतो, आणि लेजर जिथे भिंतीला मिळते तिथेही हेच घडते. म्हणून जॉइस्टच्या माथ्यावर धातूचा पृष्ठ असलेली पट्टी लावावी आणि भिंतीच्या सांध्यावर धातूचे फ्लॅशिंग (सांधा झाकणारी वाकवलेली पट्टी) वर चढवून घ्यावे. तेच फ्लॅशिंग पाण्यापासूनही लेजरला वाचवते. राज्याने २०२०मध्ये ज्या पहिल्या ५ फुटांच्या पट्ट्याची कल्पना कायद्यात आणली, त्यात जोडलेल्या डेकच्या खालची आणि भोवतालची जागाही मोडते, तेव्हा तिथे लाकूडफाटा, खोकी किंवा झुडपे असता कामा नयेत.

भूकंपाच्या बाजूने निर्णय मी एकाच गोष्टीवर सोपवीन: तुमच्या दिवाणखान्याखालचे जॉइस्ट त्या भिंतीला काटकोनात जातात की समांतर? काटकोनात असतील, तर प्रत्येकी १,५०० पौंडांची ओढ सहन करणारे दोन होल्ड-डाउन, दोन्ही टोकांपासून २४ इंचांच्या आत, सरळ जॉइस्टला लावता येतात. समांतर असतील, तर आत ठोकळे बसवून ती ओढ तळमजल्याच्या जॉइस्टवर ठोकलेल्या जमिनीच्या फळ्यांत पसरवावी लागते, आणि त्यासाठी घराखालचा भाग उघडावा लागतो. शिवाय १९५०च्या घराच्या पायाजवळच्या आखूड भिंतींना प्लायवूड ठोकलेले आहे का, हे पाहा. ज्या घराला डेकचा भार द्यायचा, ते घरच पायावर नीट जखडलेले नसेल, तर डेकची जोडणी कितीही चांगली असून उपयोग नाही. १९९४च्या नॉर्थरिज भूकंपात लॉस एंजेलिसमधील शर्मन ओक्सच्या उतारावरील काही घरे नेमकी उताराच्या वरच्या बाजूच्या पायाच्या सांध्यातून सुटली होती.

सुटा डेक निवडलात, तर खांबांच्या तिरक्या आधारांसह (ब्रेसिंग) दोन्ही दिशांची गणिते लागतील, घर आणि डेक यांच्यामध्ये हालचालीसाठी मोकळी फट ठेवावी लागेल, आणि खांबांचे पाय खोल खडकात किंवा घट्ट मातीत न्यावे लागतील. तुमची जागा दरडक्षेत्रात आहे, म्हणून दोन्हीपैकी काहीही निवडलेत तरी मृद्‌-अभियंत्याचा अहवाल आराखड्याआधी घ्यावा. तळ उघडा ठेवण्याचा तुमचा विचार मला योग्य वाटतो; मात्र सवलत जाड खांब आणि तुळयांना आहे, साध्या जॉइस्टना नाही. त्यामुळे त्यांच्याबद्दल कार्यालयाला प्राथमिक बैठकीतच विचारावे आणि मिळालेले उत्तर लेखी घ्यावे. कठडा कॅलिफोर्नियात ४२ इंचांचा लागतो, तर फटीतून ४ इंचांचा चेंडू जाऊ नये.

पैशांविषयी एकच सांगतो: राज्याच्या नियमानुसार कंत्राटदार आगाऊ रक्कम १,००० डॉलर किंवा कराराच्या १० टक्के, यांपैकी जी कमी असेल तेवढीच मागू शकतो. याहून अधिक मागितली, तर तिथेच थांबावे.

प्रश्नकर्ती

आपले मनापासून आभार. घराखाली जाऊन पाहिले: जॉइस्ट भिंतीला समांतर आहेत आणि पायाजवळच्या आखूड भिंतींना प्लायवूड नाही. म्हणून आता डेकचा विचार बाजूला ठेवून प्रथम घराचा पाया जखडण्याचे आणि भिंतींना प्लायवूड बसवण्याचे काम करून घेणार आहे, आणि त्याच इंजिनिअरकडून सुट्या व जोडलेल्या अशा दोन्ही डेकचे ढोबळ आराखडे मागवणार आहे. या दोन्ही कामांसाठी माती-परीक्षणाचा एकच अहवाल पुरेल, की डेकच्या खांबांच्या जागी वेगळी छिद्रे घ्यावी लागतील, एवढे सांगावे.