ज्वेलरीचं स्पेलिंग ब्रिटिश ठेवू की अमेरिकन? की दोन्ही?

चंदेरी_हुपरी
हुपरीच्या चांदीच्या दागिन्यांची इंग्रजी साइट आहे, वर्डप्रेस + वूकॉमर्स (वर्डप्रेसवर दुकान चालवायचं प्लगइन), 140 उत्पादनं. गिऱ्हाईक भारत, ब्रिटन आणि अमेरिका तिन्हीकडचं. मजकूर तीन वेगवेगळ्या लोकांनी लिहिल्यामुळे 'ज्वेलरी' कुठे डबल एलचं आहे, कुठे एका एलचं. 'कलर'मध्ये कुठे यू आहे, कुठे नाही. दोन्ही स्पेलिंगं शोधात सापडावीत म्हणून प्रत्येक पानावर दोन्ही घालायची का? की अमेरिकेसाठी वेगळी पानंच करायची?

शोधयंत्री
दोन्ही घालू नका. ही दोन स्पेलिंगं म्हणजे एकच शब्द, हे गूगलला कळतं. निकालांचा क्रम थोडा पुढेमागे होतो, पण डबल एलचं पान एका एलच्या शोधात येतच नाही असं होत नाही. शीर्षकात तिरकी रेघ मारून दोन्ही लिहिली की जागा वाया जाते आणि वाचणाऱ्याला ती चूक वाटते. फूटरमध्ये बारीक अक्षरात किंवा पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात शब्द लपवणं तर गूगलच्या स्पॅम धोरणातच बसतं.

कोणतं ठेवायचं ते सर्च कन्सोलमध्ये (आपली साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) बघा. परफॉर्मन्स रिपोर्ट उघडा, तारीख 16 महिने करा, क्वेरी फिल्टरमध्ये कस्टम रेजेक्स (नमुना देऊन शब्द जुळवायचा पर्याय) घ्या आणि दोन्ही स्पेलिंगं मध्ये उभी रेघ देऊन लिहा. मग 'कंट्रीज' टॅबवर क्लिक कुठून येतात ते दिसेल. भारत आणि ब्रिटन मिळून जास्त असतील तर डबल एल, अमेरिका जास्त असेल तर एक एल. एकदा ठरलं की शीर्षक, वर्णन, फोटोचा ऑल्ट मजकूर (फोटो दिसत नसेल तेव्हा वाचला जाणारा), मेनू, सगळीकडे तेच.

आणि खरा फरक स्पेलिंगमध्ये नाही, शब्दात आहे. इथलं गिऱ्हाईक 'पायल' शोधतं, अमेरिकेतलं 'सिल्व्हर अँकलेट'. जोडवी तिकडे 'टो रिंग' होतात. ही जोडी गूगल दर वेळी जुळवेलच असं नाही. म्हणून शीर्षकात 'सिल्व्हर अँकलेट' आणि वर्णनाच्या पहिल्या वाक्यात 'पायल', असे दोन्ही शब्द हवेतच.

कॅनॉनिकल_काका
वेगळी पानं फक्त तेव्हाच करा जेव्हा किंमत, चलन, शिपिंग आणि परतीचे नियम खरोखर वेगळे असतील. फरक नुसता स्पेलिंगचा असेल तर गूगल तिन्ही पानं एकच धरून त्यातलं एक निवडतं. सर्च कन्सोलमध्ये मग 'डुप्लिकेट, गूगल चोझ डिफरंट कॅनॉनिकल दॅन युजर' असा शेरा दिसतो. कॅनॉनिकल म्हणजे सारख्या पानांपैकी मुख्य धरायचं पान.

केलीच, तर एचरेफलँगमध्ये (कोणतं पान कोणत्या भाषेसाठी आणि देशासाठी हे गूगलला सांगणारा टॅग) या चुका हमखास होतात:

ब्रिटनसाठी 'ईएन-यूके' लिहितात. देशाचा कोड जीबी आहे, म्हणून 'ईएन-जीबी'. भारत 'ईएन-आयएन', अमेरिका 'ईएन-यूएस', बाकी सगळ्यांसाठी 'एक्स-डिफॉल्ट'.

प्रत्येक पानाने स्वतःसकट सगळ्या आवृत्त्यांचा उल्लेख करायचा असतो. भारताचं पान अमेरिकेच्या पानाकडे बोट दाखवतं आणि अमेरिकेचं उलट दाखवत नाही, तर ती जोडी धरली जात नाही.

आणि कॅनॉनिकल प्रत्येकाचं स्वतःकडेच. तिन्हींचं कॅनॉनिकल अमेरिकेच्या पानाकडे वळवलं की एचरेफलँग लावून उपयोग नाही.

चंदेरी_हुपरी
किंमत सगळीकडे एकच आहे, त्यामुळे पानं एकच ठेवतो. भारत-ब्रिटन जास्त निघाले, डबल एल पक्कं. डेटाबेसमध्ये सरसकट फाइंड-रिप्लेस चालवू का? पानांच्या पत्त्यातलं स्पेलिंगही बदलू?

मुद्रितशोधक
पत्ते मुळीच बदलू नका. पत्त्यात एक एल आहे म्हणून काही बिघडत नाही, पण बदललात तर प्रत्येक जुन्या पत्त्यावर 301 (नव्या पत्त्याकडे कायमचं वळवणं) लावावा लागेल आणि बाहेरच्या लिंका त्यातून फिरत राहतील.

सरसकट रिप्लेस धोक्याचा आहे. 'कलर'मध्ये यू घातलात तर सीएसएसमधलाही (पानाचं रूप ठरवणारा कोड) बदलेल आणि ती ओळ ब्राउझर सोडून देईल, कारण तिथे अमेरिकन स्पेलिंगच चालतं. झेडचं एस करायला गेलात तर 'साइझ'ची वाट लागेल, आणि अंगठ्यांच्या साइटवर तो शब्द पानोपानी असतो. उलट 'एक्सरसाइझ', 'सरप्राइझ' अमेरिकेतही एसनेच लिहितात. शिवाय झेड म्हणजे अमेरिकन असंही नाही, ऑक्सफर्डची पद्धत झेडचीच आहे. संस्थांची नावं आहेत तशीच ठेवा.

आधी बॅकअप. मग पूर्ण शब्द जुळवून, एकेक शब्द, फक्त शीर्षक आणि मजकुराच्या रकान्यांत, आणि आधी ड्राय रनमध्ये (काहीच न बदलता नुसती चाचणी) यादी वाचून. 140 पानं आहेत, डोळ्यांखालून घालायला एक दिवस पुरतो.

तारखा 04/05 अशा असतील तर महिना अक्षरात लिहा. अमेरिकन माणूस ते 5 एप्रिल वाचतो आणि 4 मेला पोचणाऱ्या पार्सलची महिनाभर आधीच चौकशी सुरू होते. ब्रिटन-अमेरिकेच्या गिऱ्हाइकाला 1,25,000 मधला स्वल्पविरामही चुकल्यासारखा वाटतो.

शोधयंत्री
एक राहिलं, आणि नुकसान बहुतेक वेळा तिथेच होतं: साइटवरचा स्वतःचा शोध. वर्डप्रेसचा मूळ शोध अक्षरं जशीच्या तशी जुळवतो. सगळीकडे डबल एल केल्यावर अमेरिकन गिऱ्हाइकाने एका एलने शोधलं की 'काही सापडलं नाही' येणार. रेलेव्हान्सीसारखं प्लगइन घाला आणि समानार्थी शब्दांच्या यादीत दोन्ही ज्वेलरी, दोन्ही कलर, दोन्ही ग्रे, पायल-अँकलेट, जोडवी-टो रिंग या जोड्या भरा. जोडी दोन्ही दिशांनी भरायची, नाहीतर 'अँकलेट' शोधणाऱ्याला पायल दिसेल आणि 'पायल' शोधणाऱ्याला अँकलेट दिसणार नाही.