मदत हवी आहे: जुन्याच लाइनवरून जास्त वीज का नेता येत नाही?

नमस्कार. पारेषणात काम केलेल्यांची मदत हवी आहे. माझा इलेक्ट्रिकल डिप्लोमा झालाय, पण सगळी नोकरी वितरणात गेली. 33 केव्हीच्या वर कधी हात लावला नाही.

सध्या एका सौर प्रकल्पाच्या नव्या 400 केव्ही लाइनसाठी जमीनमालकांशी बोलायच्या कामात आहे. गेल्या बैठकीत एका आजींनी विचारलं, "माझ्या रानावरून एक लाइन आधीच गेलीये. आणखी टॉवर कशाला? तिच्यातूनच जास्त वीज न्या की." मला उत्तर देता आलं नाही. "तांत्रिक कारण आहे" म्हणून त्यांची बोळवण करायची नाही, खरं काय ते सांगायचंय.

घरी येऊन गणित मांडलं. एका फेजला दोन तारा, प्रत्येकीला 800 अँपिअर धरले. 1.732 × 400 × 1,600, म्हणजे जवळपास 1,100 एमव्हीए (ढोबळमानाने मेगावॅटच धरा). प्रत्यक्षात एका सर्किटवर (तीन फेजच्या तारांच्या एका संचावर) 500 मेगावॅटच्या आसपासच लोड असतो. मग निम्मी लाइन रिकामी कशासाठी? त्याच टॉवरवर कार्बन गाभ्याच्या तारा ओढल्या तर दुप्पट करंट जातो असं वाचलं, तेही इथे चालेल का?

नवी लाइन नकोच, असं माझं म्हणणं नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या 2023 च्या अहवालानुसार जगभरात 3,000 गिगावॅटचे अक्षय ऊर्जा प्रकल्प ग्रिडच्या जोडणीसाठी रांगेत आहेत. प्रकल्प एक ते पाच वर्षांत उभा राहतो, लाइनला पाच ते पंधरा लागतात. जर्मनीची सुमारे 700 किमीची स्यूडलिंक ही वीजवाहिनी 2022 ला सुरू व्हायची होती, ती आता 2028 वर गेलीये. म्हणूनच, जुन्या लाइनवर जिथे भागेल तिथे भागवावं असं मनापासून वाटतं.

आजींच्या रानावरची लाइन 240 किमी, डबल सर्किट, म्हणजे एकाच टॉवरवर असे दोन संच.

प्रतिसाद 1

लांबी दिलीत ते बरं केलंत ताई, सगळं उत्तर तिच्यातच आहे. तुमचे 1,100 म्हणजे तार किती तापू शकते त्याची मर्यादा. ती साधारण 80 किमीपर्यंतच्या लाइनवर आड येते. लांब लाइनवर तार तापायच्या आधीच व्होल्टेज कोसळतं.

सर्ज इम्पिडन्स (लाइनच्या रचनेवरून ठरणारा तिचा स्वतःचा एक गुणधर्म) 300 ओहम धरा. 400 चा वर्ग भागिले 300, म्हणजे 533 मेगावॅट. याहून जास्त भरलं की लाइन स्वतःच रिॲक्टिव्ह पॉवर (काम न करणारी, पण व्होल्टेज टिकवायला लागणारी वीज) खायला लागते आणि पलीकडच्या टोकाला व्होल्टेज पडतं. सेंट क्लेअर या अभियंत्यांनी 1953 मध्ये किती लांबीच्या लाइनवर किती भार चालतो याचा आलेख दिला, तो अजून वापरतात. 80 किमीला या आकड्याच्या तिप्पट, 480 किमीला जेमतेम तेवढंच. तुमच्या 240 किमीला ढोबळ दीडपट, म्हणजे 800 मेगावॅट.

नवी तार ओढून इथे फारसं हाती लागणार नाही. व्होल्टेज पाडणारा रिॲक्टन्स (बदलत्या करंटला लाइनचा होणारा विरोध) तारांच्या मांडणीवर आणि अंतरावर ठरतो, तारेच्या गाभ्यावर नाही. हाच उपाय 40 किमीच्या लाइनवर मात्र फार उपयोगी आहे.

प्रतिसाद 2

वरच्यात एक भर. एक सर्किट ट्रिप झालं की त्याचा बराचसा लोड शेजारच्यावर जातो. 500 चे 1,000 होऊ शकतात, आणि मर्यादा 800. आजूबाजूचं जाळं थोडा भार उचलतं म्हणून निभावतं. त्यामुळे ही लाइन रिकामी आहे असं म्हणता येणार नाही.

28 सप्टेंबर 2003 ला स्वित्झर्लंडमधली एक लाइन पहाटे 3:01 ला झाडामुळे गेली. तिचा भार दुसरीवर आला, ती तापून लोंबली आणि 3:25 ला तीही झाडामुळेच गेली. काही मिनिटांत जवळपास सगळा इटली अंधारात. ती राखीव जागा का सोडतात, ते यावरून कळेल.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार. आजींना आता असं सांगेन: शेजारची पडली तर हिला दोघींचं ओझं उचलायचं असतं, म्हणून हिचे हात मोकळे ठेवलेत. यात काही चुकत असेल तर सांगा. आणि हे 800 वाढवायचा काहीच मार्ग नाही का?

प्रतिसाद 1

बरोबर आहे, असंच सांगा. मार्ग आहे: सिरीज कपॅसिटर, म्हणजे लाइनच्या वाटेतच जोडून तिचा रिॲक्टन्स कमी करणारे कपॅसिटर. रिॲक्टन्सची 40 टक्के भरपाई केली तर 240 किमीची लाइन 144 किमीसारखी वागते. टॉवर तेच राहतात, उपकेंद्रात थोडी जागा लागते. जवळ औष्णिक केंद्र असेल तर त्याच्या टर्बाइनच्या शाफ्टला धोका नाही ना, याचा अभ्यास आधी करावा लागतो. हा पर्याय तपासला होता का आणि का नाकारला, हे नियोजन विभागाला लेखी विचारा. तोंडी विचारलंत तर उत्तरही तोंडीच मिळेल.

धागाकर्ती

उद्याच पत्र देते. आजींच्या प्रश्नाचा उल्लेख त्यात करते. उत्तर आलं की इथेच टाकते.