सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ : आईबाबा पहिल्यांदाच, आधी काय काय पाहून ठेवावं?

कोथरूडकर_सहाजण

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सिंगापूर–पेनांग–फुकेत–सिंगापूर अशी क्रूझ ठरते आहे. माणसं सहा : आईबाबा (७१ आणि ७४), आम्ही दोघं, बहीण आणि तिची चार वर्षांची मुलगी. मेहुण्यांना रजा नाही. आम्ही दोघं २०१७ मध्ये एकदा क्रूझला जाऊन आलोय, बाकी सगळे नवखे. प्रश्न असे :

सिंगापूरचा व्हिसा काढला की पुरे का? केबिन कुठल्या मजल्यावर घ्यावी, बाल्कनीचे जास्तीचे पैसे वसूल होतात का? चौघं शाकाहारी, त्यात आई कांदा-लसूणही खात नाही. बाबांना एसटीसुद्धा लागते, मग बोटीचं काय? आणि तिकिटात न धरलेला खर्च नेमका किती?

दर्यावर्दी

आधी व्हिसा, कारण इथे चूक झाली तर चेक-इन काउंटरवरूनच परत फिरावं लागतं.

जहाजात चढताना तुम्ही इमिग्रेशनच्या हिशेबाने सिंगापूर सोडता. चार दिवसांनी उतरता, तो नवा प्रवेश. म्हणून व्हिसा मल्टिपल एंट्रीच हवा. भारतीयांना बहुतेक वेळा तोच मिळतो, पण एजंटने पाठवलेल्या पीडीएफवर सहाही जणांच्या नावापुढे ‘मल्टिपल’ छापलंय का ते स्वतः वाचा. परतीची तारीखही व्हिसाच्या मुदतीत बसली पाहिजे. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड ऑनलाइन आणि फुकट आहे, ते पोहोचण्याच्या तीन दिवसांच्या आत भरायचं. विमानाने जाताना एकदा आणि जहाजावरून परतताना पुन्हा. दुसऱ्या वेळचं हमखास राहतं.

मलेशिया आणि थायलंडचे भारतीयांसाठीचे नियम गेल्या काही वर्षांत बरेचदा बदललेत, म्हणून जुन्या धाग्यांवर जाऊ नका. प्रवासाच्या महिनाभर आधी दोन्ही देशांची सरकारी पानं आणि क्रूझ कंपनीचं पान बघा. आणि ‘आम्ही फुकेतला उतरणारच नाही’ हे कारण चालत नाही. जहाज ज्या ज्या देशात थांबतं, तिथली कागदपत्रं कंपनी चढतानाच मागते.

पासपोर्टची मुदत प्रवास संपल्यानंतर किमान सहा महिने उरलेली हवी. लहानगीचे वडील बरोबर नाहीत, तर त्यांचं संमतीपत्र नोटरी करून घ्या, सोबत जन्मदाखल्याची प्रत. मागतीलच असं नाही. मागितलं आणि नसलं, तर मात्र वाद घालायला वेळ नसतो.

टर्मिनल कुठलं तेही तिकिटावर नीट वाचा. सिंगापुरात दोन आहेत : मरीना साउथला मरीना बे क्रूझ सेंटर आणि हार्बरफ्रंटला सिंगापूर क्रूझ सेंटर. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘क्रूझ सेंटर’ म्हटलं की भलतीकडे उतरणं ठरलेलं. सुटण्याच्या तास-दीड तास आधी चेक-इन बंद होतं. त्याच दिवशी सकाळी मुंबईहून उतरून दुपारी जहाज गाठायचा बेत अजिबात करू नका. आदल्या दिवशी पोहोचा.

मीठभाकर

आईंच्या जेवणाचं सांगते. ‘व्हेज’ म्हणणं पुरेसं नाही. कांदा-लसूण नको असेल तर बुकिंगमध्ये ‘जैन’ अशी नोंद करून घ्या, तीही किमान महिना-दीड महिना आधी, आणि एजंटकडून त्याचा लेखी ईमेल मागा. पहिल्या संध्याकाळी मुख्य डायनिंग रूममध्ये हेड वेटरला गाठायचं आणि केबिन नंबर सांगून नोंद पोहोचलीय का विचारायचं. मग तो दुसऱ्या दिवशीचा मेन्यू आदल्या रात्रीच दाखवून काय करून देता येईल ते ठरवतो. हे चार रात्री रोज करावं लागतं आणि त्यासाठी रोज त्याच टेबलावर बसावं लागतं. म्हणून तुमच्या बाबतीत ठरलेल्या वेळेचं जेवण घ्या, ‘हवं तेव्हा या’ प्रकार नको.

बुफेत भारतीय काउंटर असतो. डाळ-भात, एखादी भाजी, पोळी नाहीतर नान. पण डाळीला फोडणी लसणाचीच. आशियाई काउंटरवरच्या भाज्यांत फिश सॉस किंवा ऑयस्टर सॉस असतो, पाटीवर नुसतं ‘व्हेजिटेबल’ लिहिलेलं असलं तरी. सूपही भाजीचं दिसतं आणि खाली चिकनचा स्टॉक असतो. प्रत्येक वेळी विचारायचं, त्यात लाजायचं काही नाही.

कोरडा खाऊ न्या, पण दुकानातलं सीलबंद पाकीट : भाकरवडी, खाकरे, चिवडा. घरचे डब्यातले लाडू बऱ्याच कंपन्या चढताना काढून घेतात. आणि जहाजावरचं केळं-सफरचंद पर्समध्ये टाकून पेनांगला उतरू नका, बंदरावर ताजी फळं न्यायला मनाई असते. पेनांगची मात्र काळजी नको. जहाज स्वेटनहॅम पिअरला, म्हणजे थेट जॉर्जटाउनमध्ये लागतं. तिथून लिटल इंडिया चालत गाठता येतं, केळीच्या पानावरचं दाक्षिणात्य शाकाहारी जेवण मिळतं.

तंबाखू, गुटखा आणि च्युइंगगम सिंगापुरात न्यायचंच नाही. बाबांच्या खिशातली पुडी आठवणीने काढा :)

जुना_खलाशी

बोट लागण्याबद्दल. तुमचा मार्ग आणि महिना दोन्ही बरे आहेत. मलाक्काची सामुद्रधुनी सुमात्राच्या आडोशाला आहे, तिथे मोठी लाट उठायला जागाच नाही. फुकेतची बाजू अंदमान समुद्राला उघडी. ती मे ते ऑक्टोबर नैऋत्य मोसमी वाऱ्यात खवळते, डिसेंबरात शांत असते. (हीच क्रूझ व्हिएतनामकडे असती तर डिसेंबरात उलट सांगितलं असतं, कारण ईशान्य मोसमी वारे तेव्हा दक्षिण चीन समुद्रात जोरात असतात.)

तरी केबिन खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्याला घ्या. जहाज पाळण्यासारखं मधल्या भागाभोवती हलतं. टोकाला आणि वर हेलकावा मोठा, मध्याला खाली सगळ्यात कमी. बाल्कनी वरच्या मजल्यांवर असते, म्हणून बाबांसाठी ‘वरचं ते चांगलं’ हा हिशेब उलटा.

गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग होत नाही. पोट चालेनासं झालेलं असतं, गोळी तशीच पडून राहते किंवा उलटून पडते. आपल्याकडे सर्रास घेतात ती अ‍ॅव्होमिन आदल्या रात्री किंवा निघण्याच्या एक-दोन तास आधी घ्यायची असते. पण ती प्रोमेथाझिनची गोळी आहे. तिने झोप येते आणि तोल जातो. प्रोस्टेटचा त्रास किंवा काचबिंदू असेल तर लघवी अडकणे किंवा डोळ्यातला दाब वाढणे असं होऊ शकतं. चौऱ्याहत्तरीच्या माणसाने डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. चार वर्षांच्या मुलीचा डोसही डॉक्टरच ठरवतील. बाकी उपाय साधेच : रिकाम्या पोटी राहू नये, कोरडं बिस्कीट, आल्याचा तुकडा, उघड्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघणं. केबिनमध्ये पडून मोबाइल बघितला की हमखास वाढतं.

चाफेकळी

बाल्कनीवर माझं मत वेगळं. चार रात्रींत दोन दिवस बंदरांवर जातात. तरुणांना आतली बिनखिडकीची केबिन पुरते, झोपायलाच तर यायचं. पण आईबाबा दुपारी बसणार कुठे? डेकवर सुट्टीच्या आठवड्यात खुर्ची मिळत नाही आणि पोरांचा गोंगाट असतो. मध्याच्या भागात, बाल्कनी मिळते तितक्या खालच्या मजल्यावर एक त्यांच्यासाठी घ्या, तुमची आणि बहिणीची आतली. पैसे वाचतील आणि बसायची सोय एकीकडे होईल.

केबिन नंबर घेण्याआधी डेक प्लॅन (जहाजाच्या मजल्यांचा नकाशा) उघडून तिच्या बरोब्बर वर आणि खाली काय आहे ते बघा. वर पूल डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. खाली थिएटर असेल तर रात्री साडेअकरापर्यंत ढोल. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील ती जागा शांत. लिफ्टपासून चार-पाच दारं लांब, त्याहून जास्त नको. लांबलचक बोळ म्हाताऱ्या गुडघ्यांना जाणवतो.

बाथरूमला उंबरठा असतो, चांगला बोटभर उंच. रात्री ठेच लागते. आत बादली, मग, जेट यांतलं काहीच नाही. घडीचा मग किंवा रिकामी बाटली बॅगेत टाका. फ्लश व्हॅक्यूमवर चालतो, त्यात जहाजातल्या कागदाखेरीज काहीही टाकायचं नाही. ओला टिश्यू अडकला की शेजारच्या दोन-तीन केबिनीही बंद पडतात. शॉवरमध्ये भिंतीला एक छोटी डबी दिसेल, तिचं टोक ओढलं की कपडे वाळत घालायची दोरी निघते. बाल्कनीत टॉवेल घालू नका, उडून जातो.

कोथरूडकर_सहाजण

खूप आभार, व्हिसाचं आत्ताच तपासलं. एकाचा सिंगल एंट्री आलाय!! एजंटला पकडतोय. खर्चाचं आणि जे आम्हाला ‘येतं’ असं वाटतंय पण आता बदललंय, त्याबद्दल कोणी लिहाल का?

दर्यावर्दी

टिपने सुरुवात करा. तिला ग्रॅच्युइटी म्हणतात आणि ती माणशी, दिवसाला, आपोआप लागते, लहान मुलालाही. साध्या केबिनला साडेअठरा अमेरिकी डॉलर धरले तर सहा जणांचे चार रात्रींचे ४४४ डॉलर झाले. नक्की दर बुकिंगच्या पानावर असतो. आधी भरून टाकलेलं बरं. दारू-कॉफीच्या बिलावर आणखी १८ टक्क्यांच्या आसपास वेगळे. ड्रिंक पॅकेज एकाने घेतलं तर त्या केबिनमधल्या प्रत्येक प्रौढाला घ्यावं लागतं, असा नियम बऱ्याच कंपन्यांत आहे. केबिनची वाटणी करतानाच याचा विचार करा.

जहाजावर रोख चालत नाही, सगळं केबिनच्या कार्डावर चढतं आणि मागे तुमचं बँकेचं कार्ड जोडलेलं असतं. तिथे क्रेडिट कार्डच द्या. डेबिट किंवा फॉरेक्स कार्डावर रोज रक्कम अडकवून ठेवतात आणि ती सुटायला उतरल्यानंतर आठवडा जाऊ शकतो. निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशी व्यवहार चालू करा. बिल डॉलरमध्ये की रुपयांत असं विचारलं तर डॉलर. रुपये म्हटलं की दर ते लावतात.

दुसरा खड्डा मोबाइलचा. किनारा सुटला की फोन जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला चिकटतो आणि ते आपल्या नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये नसतं. चढल्यावर एअरप्लेन मोड, त्यावर हवं तर वायफाय. आईबाबांच्या फोनचं तुम्ही स्वतः करा.

जुना_खलाशी

२०१७ नंतर बदललेलं : सुरक्षा कवायत. तेव्हा भोंगा वाजला की सगळे डेकवर रांगेत उभे. आता बऱ्याच जहाजांवर अ‍ॅपवर व्हिडिओ बघायचा आणि आपल्या मस्टर स्टेशनवर, म्हणजे धोक्याच्या वेळी जमायच्या ठरलेल्या जागी जाऊन कार्ड स्कॅन करून यायचं. दहा मिनिटांचं काम, पण सुटण्याआधी प्रत्येकाचं झालंच पाहिजे, नाहीतर नावाने पुकारा होतो. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा तोच आहे.

एक्स्टेन्शन बोर्ड आता नेऊ नका. सर्ज प्रोटेक्टर असलेला तर नाहीच. जहाजाची वीज घरासारखी अर्थिंगला बांधलेली नसते, त्यामुळे असा बोर्ड तापून पेट घेऊ शकतो. प्लगला अमेरिकी आणि युरोपी असे दोन प्रकार मिळतात, अ‍ॅडॉप्टर आणि साधा यूएसबी चार्जर पुरे. इस्त्री, किटली, उदबत्ती, निरांजन जप्त होतं. केबिनच्या भिंती लोखंडी असतात, तेव्हा चुंबकाचे चार हुक न्या, टोप्या-पिशव्या टांगायला लागतात.

आता घड्याळ. फुकेत सिंगापूरच्या एक तास मागे आहे. जहाज बहुधा आपली वेळ सिंगापूरचीच ठेवतं, पण किनाऱ्यावर फोन आपोआप थाई वेळ दाखवतो. परत चढायची वेळ ७ असेल तर फोनमध्ये ६ ला तुम्ही जहाजात हवे. म्हणून उतरताना एक मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावा आणि त्याला हात लावू नका.

शिवाय फुकेतला मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत. पाटाँगच्या खाडीत नांगर टाकतात आणि छोट्या बोटीने किनाऱ्याला नेतात. त्याला टेंडर म्हणतात. सकाळी नंबराची चिठ्ठी घ्यावी लागते. परतीला शेवटच्या तासात उन्हात लांब रांग असते आणि शेवटची टेंडर जहाज सुटण्याच्या बऱ्याच आधी निघते. लाटेवर बोट वर-खाली होत असताना पाय टाकायचा असतो, खलाशी हात धरतात, पण गुडघे साथ देत नसतील तर आईंनी त्या दिवशी जहाजावरच राहावं. जहाजाची स्वतःची सहल घेतली तर ती उशिरा आली तरी जहाज थांबतं, बाहेरची टॅक्सी घेतली तर नाही.

मीठभाकर

एक राहिलं. मोठ्या बॅगा टर्मिनलवरच देता, त्या केबिनच्या दाराशी संध्याकाळपर्यंत कधीही येतात. तोवर पाठीवरच्या पिशवीत पासपोर्ट, सगळी औषधं, लहानगीचे कपडे आणि पोहण्याचा ड्रेस. डायपर लावणाऱ्या मुलांना सहसा पूलमध्ये सोडत नाहीत, तिला डायपर लागत नसेल तर प्रश्न नाही. शेवटच्या रात्री उलट, बॅगा बाराच्या आत दाराबाहेर ठेवायच्या. सकाळचे कपडे, चपला आत ठेवल्यात ना ते दोनदा बघा.

हात साबणाने धुवायचे, बुफेच्या दारातलं सॅनिटायझर नोरोव्हायरसवर (उलट्या-जुलाबांचा विषाणू) फारसं चालत नाही.

आणि येताना जहाजावरची दारूची बाटली घेऊ नका. सिंगापूर मलेशियाहून आलेल्यांना दारूवर करसूट देत नाही. तुमचं शेवटचं बंदर फुकेत की मलेशियातलं पेनांग ते आधी बघा.

कोथरूडकर_सहाजण

शेवटचं बंदर फुकेत आहे. बाटलीचं मेहुण्यांना सांगत नाही, ते येतही नाहीयेत. सिंगल एंट्रीवाला व्हिसा नव्याने भरतोय, तो आला की कळवतो.