बोगमाळोचं नौदल विमान संग्रहालय: आईबाबा आणि मुलांना घेऊन कसं बघावं?

मीरा_फोंडा:
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत आईबाबा डिचोलीहून आमच्याकडे येतायत. दाबोळीजवळचं नौदलाचं संग्रहालय बघायचं बाबांच्या मनात कधीपासून आहे. बरोबर नऊ वर्षांचा मुलगा, तो विमानवेडा. पाच वर्षांच्या मुलीला विमानांचं काही नाही. आईचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही. किती वेळ काढून ठेवू? आणि मुलांना आधी काय सांगून ठेवलं तर त्यांचं मन रमेल?

चिखलीकर:
मीराताई, जरूर न्या. गोव्यात येणारे किनारे बघून परततात आणि आपलीही कितीतरी माणसं विमानतळावर जाता-येता ते राहूनच जातं, याचं मला खरंच वाईट वाटतं. सोमवार सोडून जा, त्या दिवशी बंद असतं. फोंड्याहून बोरीचा पूल ओलांडून वेर्ण्यामार्गे दाबोळी, तिथून बोगमाळोचा रस्ता. सकाळी दहाच्या सुमारास पोचाल असं निघा. विमानं सगळी बाहेर उघड्यावर उभी आहेत, बारानंतर उन्हात मुलं आणि म्हातारी माणसं दमतात. आधी बाहेरचं बघा, इमारतीतलं दालन नंतर. दोन-अडीच तास पुरतात.

आता मुलांचं. नावं आणि वेग घोकून घेऊ नका. प्रत्येक विमानापाशी एकच प्रश्न विचारा: हे जहाजावर कसं उतरत असेल? दाबोळीची धावपट्टी तीन किलोमीटरहून लांब आणि जुन्या विक्रांत या विमानवाहू जहाजाची अख्खी लांबी जेमतेम दोनशे मीटर. एवढं सांगितलं की पोरं स्वतःच शोधायला लागतात.

सी हॉक या लढाऊ विमानाच्या शेपटीखाली वाकून बघायला लावा. तिथल्या आकड्याने डेकवर आडवी ताणलेली तार पकडायची आणि थांबायचं. उडताना वाफेवर चालणारं कॅटापुल्ट त्याला पुढे फेकायचं. त्याचं जेट इंजिन पोटात आहे, पण झोत मागून न सुटता दोन्ही पंखांच्या मुळाशी बाहेर पडतो. ती दोन तोंडं मुलाला शोधू दे. शेजारच्या पंख्याच्या आलिझे विमानाचं काम पाणबुड्या हुडकायचं. जहाजावर जागा कमी, म्हणून दोघांचेही पंख घडी होतात.

मग सी हॅरियर. त्याला ना कॅटापुल्ट लागायचं ना तार. अंगाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन नळकांडी आहेत, ती फिरतात. झोत खाली वळवला की विमान हवेत जागच्या जागी तरंगतं आणि सरळ खाली उतरतं. ही विमानं १९८३च्या डिसेंबरात पहिल्यांदा दाबोळीला आली आणि मे २०१६मध्ये इथूनच निवृत्त झाली. आम्ही चिखलीची माणसं त्यांच्या आवाजात लहानाची मोठी झालो. बोलणं अर्धवट थांबवायचं, तो आवाज जाऊ द्यायचा, मग पुढचं वाक्य. घरोघरी हेच. म्हणून त्याच्यासमोर मी जरा जास्तच रेंगाळतो.

धाकटीला कामोव्ह हेलिकॉप्टर दाखवा. एकावर एक दोन पंखे, उलटसुलट फिरणारे. एकाचा पीळ दुसरा मारतो, म्हणून शेपटीला पंखा लागत नाही आणि हेलिकॉप्टर आखूड होऊन छोट्या जहाजावरही मावतं. दोन हात उलटे फिरवून दाखवलंत की तिला पटकन कळेल.

निवृत्त_नाविक:
चिखलीकरांशी सहमत. फक्त सुपर कॉन्स्टेलेशन घाईत उरकू नका. तीन शेपट्यांचं सगळ्यात मोठं विमान आहे ते. आधी एअर इंडियाचे प्रवासी नेले, मग हवाई दलात गेलं आणि १९७६मध्ये समुद्रावर टेहळणी करायला नौदलाकडे आलं. हे जहाजावर उतरणारं नव्हे, धावपट्टीवरून उडून तासन् तास समुद्रावर फिरणारं. घरातल्या वडीलधाऱ्यांना ते फार आवडतं.

आतल्या दालनात विक्रांतची प्रतिकृती आहे, तिथे मुलाला १९७१च्या युद्धाचं सांगा. विक्रांतच्या एका बॉयलरला तडे गेले होते, त्यामुळे पूर्ण वेग घेता येत नव्हता. विमान उडवायचं तर समोरून जोराचा वारा हवा आणि तो बराचसा जहाजाच्या वेगातून मिळतो. एवढी अडचण असूनही ४ डिसेंबरला त्याच डेकवरून सी हॉक विमानं उडाली आणि तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझारवर, मग चितगाववर तुटून पडली. बाहेर सी हॉक बघून आलेल्या मुलाला हे ऐकताना डोळ्यांसमोर दिसतं.

मीरा_फोंडा:
किती छान सांगितलंत दोघांनी! बाबा १९६१ साली दहा वर्षांचे होते, गोवामुक्तीच्या आठवणी नेहमी काढतात. त्यातलं तिथे काही आहे का?

चिखलीकर:
अहो, ती जागाच त्यातली आहे. १८ डिसेंबर १९६१ला पुण्याहून आलेल्या भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्याच धावपट्टीवर बॉम्ब टाकले. पोर्तुगिजांनी बांधलेला तळ तो. नौदलाचा आयएनएस हंसा तळ १९६४मध्ये इथे आला. विक्रांतही त्या दिवसांत गोव्याच्या समुद्रात गस्तीवर होती. तेव्हा प्रतिकृतीपाशी बाबांना बोलू द्या, नातवंडांना ऐकू द्या. आमच्या आजोबांकडून हे सगळं विचारून घ्यायचं राहिलं, तुमच्याकडे सांगणारं माणूस आहे. जमलं तर फोनवर रेकॉर्ड करा.

पाव_आणि_पातळभाजी:
आईंसाठी एक. बाहेर फिरताना त्यांना सगळ्यांबरोबर ओढू नका. सुपर कॉन्स्टेलेशन, सी हॅरियर आणि मग थेट इमारत, एवढं पुरे. घडीचं स्टूल असेल तर गाडीत टाका. मुलांना टोप्या, पाण्याच्या बाटल्या. नाश्ता घरून करून निघा. तिथून बोगमाळोचा किनारा गाडीने काही मिनिटांवर आहे, मुलगी विमानांना कंटाळली तर वाळूत खेळेल, आई सावलीत बसतील. ड्रोन मात्र अजिबात नेऊ नका, शेजारीच नौदलाचा तळ आहे.

मीरा_फोंडा:
ठरलं मग, रविवारी सकाळी. मुलाला तो जहाजाचा प्रश्न आत्ताच विचारला. म्हणतो, पॅराशूट लावत असतील. उत्तर सांगितलेलं नाही, सी हॉकपाशीच बघू दे.

निवृत्त_नाविक:
मुलगा हुशार आहे. पॅराशूट लावून वेग मारणारी विमानं असतात, पण ती जमिनीवरच्या लांब धावपट्टीवर. हे त्याला सी हॉक बघून झाल्यावर सांगा.