इंदोरजवळ पारंपरिक शेतीच्या शाळेत इंटर्नशिप, कोणी केलीये का?

पलासियावाली:
नमस्कार मंडळी, माझा भाचा बॉटनी घेऊन बीएस्सी करतोय, यंदा पावसाळ्यात महिनाभर इथल्याच एका शेती शिकवणाऱ्या शाळेत इंटर्न म्हणून जातो म्हणतोय. ताई म्हणते तण निंदायला जायला एवढा शिकवला का. रविवारी आम्ही बघून आलो, दाल-बाफले मस्त होते, बैलगाडीत चक्कर, तिफण धरून फोटो आणि दोन तासांत घरी, कळलं काहीच नाही. खरंच शिकवतात की फुकटचा मजूर?

काळीमाती८८:
ते रविवारचं पाहुण्यांसाठी असतं हो. मी जुलैत राहिलो होतो, दुसऱ्या ठिकाणी, नाव नाही लिहीत. सोयाबीन पेरताना चाड्यात, म्हणजे तिफणीवरच्या बी ओतायच्या वाटीत, बी सोडायचं काम माझ्याकडे, मूठ एकसारखी सुटली पाहिजे आणि मी आपला गप्पा मारत सोडतोय, नंतर हट्टाने दोन-चार ओळी तिफण पण मीच धरली. तिथले शिकवणारे काका एक शब्द बोलले नाहीत. सहाव्या दिवशी उगवलं तर कुठे गुच्छच्या गुच्छ, कुठे हातभर मोकळं, ओळी तर नागमोडी, सगळ्या गावाला दिसत होतं. पुढे डोरा, म्हणजे ओळींमधलं तण काढायचं बैलाचं कोळपं, चालवायची वेळ आली, तर वाकड्या ओळीत त्याची पास (लोखंडी पातं) रोपांसकट तण उपटते, म्हणून तेवढा तुकडा काकांनी खुरपं देऊन माझ्याच नावावर केला. तीन दिवस, कंबर गेली यार.
स्टायपेंड विसरा, उलट जेवणाचे पैसे दिले, वर पहिले चार दिवस पाहुण्यांची भांडी घासली, मग आम्ही भांडलो. शेतात रोज किती तास ते आधीच विचारून घ्या.

मालव्याचे काका:
महिन्यात काय होतं भिया, तीन महिने पाठवा. इंदोर पद्धतीचं कंपोस्ट आपल्याच गावचं, आजच्या कृषी कॉलेजच्या जागेवर इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड साहेब १९२४ ते १९३१ होते, त्यांनी आणि त्यांचे सहकारी आपल्या यशवंत वाडांनी ते बसवलं, १९३५ मध्ये गांधीजी बघून गेले. काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती, राख असे थर, हवेसाठी सब्बलीने (पहारीने) भोकं. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरतं म्हणून ढीग जमिनीवरच रचायचा. ढीग वरखाली करायची पहिली पलटी साधारण सोळाव्या दिवशी, दुसरी महिन्याने, तिसरी दोन महिन्यांनी, खत तीन महिन्यांत. महिन्यावाला पोरगा दुसऱ्या पलटीला बॅग भरतो, काळं भुसभुशीत खत बघतच नाही. मी नोकरीत असताना असे खूप पाहिले.

पलासियावाली:
काका, कॉलेज तीन महिने कुठलं सोडतंय, पण तिसऱ्या पलटीला शनिवार-रविवार येऊ देतात का विचारते. ताईला सगळं वाचून दाखवलं. भांडी घासायला लावत असतील तर उद्याच पाठवते म्हणाली.