ट्रान्सपोझिशन सायफरला जीएनएन जोडलं तर एन्क्रिप्शन खरंच स्ट्राँग होतं का?

फायनल_इयर_कॉम्प: बीईच्या प्रोजेक्टची आयडिया अशी आहे की टेक्स्ट कॉलमर ट्रान्सपोझिशनने ढवळायचं, म्हणजे ओळींत लिहून कॉलम वेगळ्या क्रमाने वाचायचे, पण कॉलमचा क्रम ग्राफ न्यूरल नेटवर्क (जीएनएन) ठरवणार, प्रत्येक अक्षर एक नोड (बिंदू) आणि शेजारची अक्षरं एजने (रेषेने) जोडलेली. गाइडना विषय आवडलाय. पण एक्स्टर्नलने विचारलं की एईएससारखं स्टँडर्ड एन्क्रिप्शन असताना हे कशाला, तर काय सांगू?

जुना_सायफर: आधी ट्रान्सपोझिशनचं बघ. त्यात अक्षरं फक्त जागा बदलतात, त्यामुळे कुठलं किती वेळा आलं ते जसंच्या तसं दिसतं. ७ कॉलम म्हणजे क्रम फक्त ५०४०, लॅपटॉप लगेच सगळे तपासून टाकेल. मराठी टेक्स्टचे यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमधे साठवायची पद्धत) मधले बाइट हलवलेस तर लपवणं अजूनच अवघड, देवनागरीचं अक्षर काय मात्रा काय, प्रत्येकाला ३ बाइट, त्यातला पहिला कायम २२४ आणि दुसरा १६४ नाहीतर १६५, म्हणजे कितीही ढवळ, आत देवनागरी आहे हे लगेच कळतं. डबल ट्रान्सपोझिशन, म्हणजे तेच दोनदा, बरंच चिवट, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश एजंट वापरायचे, पण क्लाउस श्मे यांनी २००७ ला दिलेलं त्याचं चॅलेंज जॉर्ज लॅझ्री यांनी २०१३ ला कॉम्प्युटरवर फोडलंच.

तरी ट्रान्सपोझिशन टाकाऊ नाही हां, एईएसमधली शिफ्टरोज ही पायरी तेच करते, फक्त सोबत बाइट बदलणारा एसबॉक्स आहे, कॉलममधले बाइट एकमेकांत मिसळणारं मिक्सकॉलम्स आहे आणि प्रत्येक राउंडला (फेरीला) की, म्हणजे गुप्त किल्ली, मिसळते. एकट्याने ते टिकत नाही.

टेन्सरवाला: मला जास्त काळजी जीएनएनची वाटते. तू ग्राफ मूळ मजकुरावरून बनवतोयस, मग ज्याला मेसेज मिळाला त्याच्याकडे मूळ मजकूर नाहीच, तो तोच क्रम परत कुठून काढणार? डिक्रिप्शन तिथेच अडलं. ग्राफ कीवरून बनवलास तर गुपित सगळं कीमधेच राहिलं, नेटवर्कने भर काय घातली? शिवाय दोन मशीनवर फ्लोटिंग पॉइंटचं (दशांश आकडेमोडीचं) उत्तर शेवटच्या बिटांत वेगळं येऊ शकतं, तेवढ्यानेही क्रम बदलला की मेसेज गेला. आणि मॉडेल गुप्त ठेवू असं प्लीज म्हणू नकोस, सिस्टिम शत्रूच्या हाती पडली तरी चाललं पाहिजे हे कर्कहॉफ्स या सायफरतज्ज्ञाने १८८३ मधेच सांगितलंय.

फायनल_इयर_कॉम्प: डिक्रिप्शनचा मुद्दा कुणीच काढला नव्हता. पण सिनॉप्सिस सबमिट झालाय, आता विषय सोडू का?

टेन्सरवाला: सोडू नको, उलटा कर. नेटवर्कला हल्ला करायला लाव. २०१९ मधे आरोन गोर यांनी न्यूरल नेटवर्क वापरून स्पेक ३२/६४ या सायफरच्या ११ राउंडपर्यंत कापलेल्या रूपावर हल्ला दाखवला होता, पूर्ण सायफर २२ राउंडचा आहे. तू सिंगल आणि डबल ट्रान्सपोझिशन घे, कॉलम हे नोड, कुठला कॉलम कुठल्याच्या शेजारी बसेल याचा स्कोअर एजवर, आणि जीएनएनला क्रम ओळखायला शिकव. सोबत साधं हिल क्लायंबिंग (क्रम थोडा थोडा बदलून स्कोअर वाढवत जाणं) नक्की चालवून बघ, जीएनएन त्याच्यापुढे हरलं तरी तो रिझल्टच आहे, तसाच लिही.

जुना_सायफर: हो, आणि टेस्ट डेटा मराठी घे. जोडाक्षरं एकत्र ठेवून आणि कोडपॉइंट (अक्षर, मात्रा वगैरे) सुटे करून, दोन्ही प्रकारे चालव, फरक बघायला मलाही आवडेल.